पुष्प चौदावे

सहदेवला मनात वाचता येत नसे. अक्षर दिसलं की ओठ हलायचे आणि ओठ हलले की आवाज फुटायचा, मग ती पोथी असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. अमरावतीच्या बाजारातून चालताना तो दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत जायचा आणि त्याची बायको मनकर्णा चार पावलं मागे राहायची, हा आपला कोणी लागत नाही असं दाखवत. लोक हसायचे. तो हसणाऱ्याकडे बघायचा आणि पुढची पाटी वाचायला घ्यायचा.

तो माझा आतेभाऊ. वडाळीच्या तलावाच्या खालच्या अंगाला त्यांची बाग होती. मोगरा, शेवंती, निशिगंध, आणि बांधाकडेनं घरापुरती वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, नि सांबार म्हणजे कोथिंबीर. सहदेव आणि त्याचा धाकटा भाऊ गोवर्धन ती बाग बघत, आणि दोघांना त्यांची आई पार्बताबाई, म्हणजे माझी आत्या, बघत असे. मी तेव्हा अकोल्याला कापसाच्या एका जिनात वजनकाट्यावर होतो. सणावाराला सुट्टी मिळाली की अमरावतीला यायचो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मोठे साहेब नागपूरला बसत आणि आमच्यासारख्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आमच्या वाडीत पोथी वाचायचा मान सहदेवचा. शाळा चार बुकांपुढे गेली नव्हती, पण आवाज खणखणीत आणि वाचणं स्वच्छ. चातुर्मासात संध्याकाळी दिवा लागला की तो हातपाय धुऊन पाटासमोर बसायचा, लाल फडकं सोडायचा आणि सुरू करायचा. पोथी वाचण्याचे आमच्याकडे काही नेम होते आणि ते सहदेवनं डोळ्यांत तेल घालून पाळले. अध्याय अर्धवट सोडायचा नाही. संकटात सापडलेल्या माणसाला संकटातच ठेवून पोथी बांधायची नाही, तो सुटेपर्यंत वाचायचं, ऐकणारे पेंगले तरी चालतील. आणि एका पोथीचा चौदावा अध्याय असा होता की घरावर काही बालंट आलं तर तो एकटाच वाचायचा. त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, हे माहीत असायची गरज नाही. तेवढा एक वाचला की पुरे. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं. लोक सहदेवला भोळा म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. छापलेली गोष्ट आपल्यासाठी छापलेली नसेल, एवढा साधा संशय ज्या माणसाला कधी आला नाही त्याचा मला राग येतो. तो राग अजून गेलेला नाही, आणि त्याच्यावर माझा जीव होता हेही तितकंच खरं.

गोवर्धन अगदी वेगळा. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. हार गुंफताना शीळ घालायचा आणि बोलताना कोणाची भीड धरायचा नाही. शेजारी जानरावाचं वावर होतं. जानराव मूळचा भातकुलीकडचा, तिकडच्या खाऱ्या पाण्याला कंटाळून इकडे गोड्या पाण्यावर जमीन घेतलेला खटपटी माणूस. पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची, यावरून त्याचं नि गोवर्धनचं सारखं वाजायचं. एकदा चावडीसमोर, भरल्या लोकांत, गोवर्धन म्हणून गेला, "पाटाले पुन्हा हात लावला तं थो हातच मोडून ठेवीन, जानरावजी." लोक हसले. गोवर्धनही हसला आणि विसरून गेला.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, अंधार पडताना, जानरावाला त्याच्याच विहिरीवर कोणीतरी काठीनं मारलं आणि त्याचा हात खरोखरच मोडला. तोंड दिसलं नाही, पण आवाज गोवर्धनचा होता, असं त्यानं सांगितलं. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला भांडायला माणसं पुष्कळ होती, पण हात मोडायचं बोलून दाखवलेला गोवर्धन एकटाच होता, आणि दुखणाऱ्या माणसाच्या कानात तोच आवाज आला असेल.

गोवर्धन त्या संध्याकाळी चांदूर रेल्वेला होता. तिथल्या स्टेशनाबाहेर नत्थुजी नावाचा म्हातारा हार विकायचा, त्याला फुलांच्या पाट्या द्यायला गोवर्धन दर आठवड्याला जाई. त्या दिवशी परतीची गाडी चुकली म्हणून तो नत्थुजीच्या खोपटातच भाकर खाऊन झोपला. बघणारा नत्थुजी एकटा. हवालदाराला गोवर्धननं सांगितलं, मी चांदूरले होतो. हवालदार म्हणाला, सगळेच कुठं ना कुठं असतात, आणि त्यानं काही लिहिलं नाही. पुढे जामीन झाला आणि गोवर्धन तारखेची वाट बघत घरी आला.

बातमी कळताच नत्थुजी स्वतः वाडीवर आला. त्याचा ना नात्याचा संबंध ना जातीचा, म्हणजे साक्षीला याहून चांगला माणूस मिळाला नसता. आत्यापुढे बसून तो म्हणाला, "पार्बताबाई, पोरगं माह्या घरी होतं. म्या माह्या हातानं त्याले वाढलं. कुठंबी सांगतो." आत्यानं त्याच्या पाया पडायला हात पुढे केले तर त्यानं पाय मागे ओढले. आणि जाताना पिशवीतून एक पुस्तक काढून सहदेवला दिलं. स्टेशनातल्या बाकावर कोणी मुशाफर विसरून गेला होता. "मले वाचता येत नाई. तुमी वाचनारे हा. कोर्टाचंच दिसते बाप्पा, वकिलाचं चित्र हाय."

मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. काळा झगा घातलेला एक माणूस बोट उगारून उभा, आणि आत पहिल्या पानावर लिहिलेलं: बॅरिस्टर जयवंत माला, पुष्प चौदावे.

असल्या माला तेव्हा महिन्यागणिक निघत. एकच बॅरिस्टर, दर महिन्याला नवं संकट, आणि एका पुस्तकाचा धागा पुढच्या चार पुस्तकांत ओढलेला. वाचणाऱ्यांना ते ठाऊक असे, नवं पुष्प आलं की ते मागचं आठवून बसत. सहदेवनं असलं पुस्तक आयुष्यात हातात धरलं नव्हतं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, "पुष्प चौदावे," आणि ओसरीवर बसलेली आत्या म्हणाली, "चौदावा हाय?"

"हो माय. चौदावा."

"मंग घरात बालंट आलं अन् चौदावा घरी चालत आला. आन पाट."

मनकर्णानं हे मला नंतर सांगितलं तेव्हा ती हसली नाही आणि मीही हसलो नाही. पुस्तक पाटावर ठेवलं, कुंकू वाहिलं, आणि त्या दिवसापासून रोज दिवा लागला की सहदेव बॅरिस्टर जयवंत वाचू लागला. ऐकायला आत्या, मनकर्णा, गोवर्धन, आणि चांदूरहून आलेला असला तर नत्थुजी. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

गोष्ट अशी होती. केशव नावाच्या गरीब माणसावर खुनाचा आळ येतो. तो निर्दोष आहे हे सांगू शकणारा एकच साक्षीदार असतो. खटला खालच्या कोर्टात उभा राहतो. सरकारी वकील गर्जना करतो, आणि बॅरिस्टर जयवंत खुर्चीत स्वस्थ बसून राहतो. साक्षीदार त्यानं एका भुसाऱ्याच्या माळ्यावर लपवलेला असतो. स्वतःच्या कचेरीतही तो त्याचं नाव घेत नाही, कारण त्याचा कारकून शत्रूला फितूर आहे, दाराआड उभा राहून सगळं ऐकतो आणि चिठ्ठ्या पोचवतो. साक्षीदार अधीर होतो तेव्हा जयवंत त्याला म्हणतो, "इथे एक शब्द बोललात तर केशव फासावर गेलाच समजा. आपलं कोर्ट पुढचं." केशवही कोर्टात मान वर करून सांगतो, मला सध्या काही सांगायचं नाही. आणि केशवची म्हातारी आई रोज कोर्टाच्या पायरीवर येऊन बसते, तिला ऐकू कमी येतं, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहते, माझ्या केशवचं काय झालं. शेवटी केशवला वरच्या कोर्टाकडे पाठवतात, सगळे हळहळतात, आणि जयवंत टोपी डोक्यावर चढवत हसतो. तिथे पुस्तक संपतं.

गोवर्धनचा जीव त्या म्हातारीत अडकला होता. ती पायरीवर बसली की हा हातातला हार खाली ठेवायचा. "भाऊ, थे पुन्हा वाचा बरं," म्हणायचा, आणि सहदेव पुन्हा वाचायचा.

केशव सुटला की नाही, हे पुस्तकात नव्हतं. संकटातल्या माणसाला संकटात ठेवून पोथी बांधू नये, हा सहदेवचा नेम इथे मोडत होता. त्यानं आईला विचारलंही. आत्या म्हणाली, "वकील हासला ना शेवटी? मंग सुटलाच तो." सहदेवला ते पटलं. आणि एकदा ते पटल्यावर बाकीचं आपोआप आलं. पहिल्या कोर्टात तोंड उघडायचं नाही. साक्षीदार लपवायचा. वकिलाच्या कचेरीत त्याचं नाव काढायचं नाही, तिथे कारकून असतो. आपलं कोर्ट पुढचं.

नत्थुजीला हे सांगितलं तेव्हा तो जरा बुचकळ्यात पडला. "आत्ताच सांगून टाकलं तं काय बिघडते?"

"एक शब्द बोललात तं पोरगं गेलं समजा," सहदेव म्हणाला. शब्द पुस्तकातलाच, फक्त आपल्या बोलीत.

नत्थुजीनं कानाला हात लावला. ज्या माणसाला वाचता येत नाही तो वाचणाऱ्याशी किती वेळ वाद घालणार.

वकील केला होता खुशालराव. अमरावतीत कॅम्पाकडे त्यांची कचेरी. फार मोठे नाव नव्हे, पण कामाला प्रामाणिक, आणि त्या वेळच्या वकिलांच्या मानानं कुळाशी नीट बोलणारे. त्यांनी गोवर्धनची हकिकत ऐकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चांदूरला तुला कोणी पाहिलं?"

गोवर्धननं भावाकडे बघितलं.

कोपऱ्यात खुशालरावांचा कारकून बसला होता. बापडा पेन्सिलीला टोक करत होता. सहदेवला त्यात फितूर माणूस दिसला.

"नाही साहेब," सहदेव म्हणाला, "गर्दी होती. कोन कोनाले पाह्यते."

"एवढ्याशा चांदूरला गर्दी? कोणी चहावाला, कोणी हमाल? आठव नीट. एक माणूस मिळाला तरी मी तुझा भाऊ सोडवून आणतो."

खुशालरावांनी हे पुढच्या खेपेलाही विचारलं, आणि त्याच्याही पुढच्या खेपेला. शेवटी शेवटी तर ते वैतागून म्हणाले की अरे, मी तुमच्या बाजूचा आहे. सहदेव दर वेळी कारकुनाकडे बघायचा आणि मान हलवायचा. एवढं सरळ विचारणारा माणूस समोर होता. मला हे आजही लिहवत नाही.

तारखेला मी अकोल्याहून रजा काढून आलो होतो. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एक म्हातारा बसलेला दिसला, धुतलेलं धोतर, नवा रुमाल डोक्याला, तंबाखू मळत. सहदेवनं त्याच्याकडे बघून डोळ्यांनी काहीतरी खूण केली. मी विचारलं, हा कोण. "चांदूरचा फूलवाला हाय. बाजाराले आला," एवढंच तो म्हणाला. नवा रुमाल बांधून कोणी बाजाराला येत नाही, पण माझं लक्ष गोवर्धनकडे होतं.

जानराव गळ्यात हात बांधून उभा राहिला आणि त्यानं आवाजाचं सांगितलं. चावडीवरच्या दोघांनी धमकीचं सांगितलं, आणि ते खरंच होतं. खुशालरावांनी उलटतपासणीत जमेल तेवढं ताणलं, अंधार किती होता, आवाज किती शब्दांचा ऐकला, वगैरे. मग मॅजिस्ट्रेटनी गोवर्धनला विचारलं, तुला काय सांगायचं आहे. गोवर्धननं मान वर केली. त्या क्षणी त्याच्या तोंडावर मला एक विचित्र तेज दिसलं, आपल्याला काहीतरी आतलं माहीत आहे असं. "मले सद्या काई सांगायचं नाई," तो म्हणाला.

खुशालराव चमकून वळले. मॅजिस्ट्रेटनी लेखणी थांबवली. "बचावाचा कोणी साक्षीदार?"

खुशालराव उठून सहदेवपाशी आले आणि वाकून हळूच म्हणाले, "अजून वेळ आहे. कोणी आहे का?"

खिडकीतून कडुनिंब दिसत होता. नत्थुजी त्याच्याखाली उकिडवा बसला होता, बोलावलं तर दहा-वीस पावलांत आत आला असता. सहदेवनं मान हलवली, नाही.

निकाल लवकरच लागला. दोन वर्षं सक्तमजुरी. आत्या बाहेर पायरीवर बसली होती. मी तिला काय सांगावं या विचारात, तर सहदेव शांतपणे पुढे झाला, तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "झालं माय, पयलं कोर्ट झालं." आत्यानं मान डोलावली. शिपाई गोवर्धनला घेऊन निघाले तेव्हा तोही हसत होता. एवढं हसत जेलात जाणारं कुळ आपण पाहिलं नाही, असं एक वकील दुसऱ्याला म्हणाला ते मी ऐकलं.

तिथून सहदेव थेट खुशालरावांच्या कचेरीत गेला. मी सोबत होतो. नत्थुजीला त्यानं हात धरून आणलं होतं. कारकून जेवायला गेला आहे याची दारातून खात्री करून घेतली आणि मग आत शिरून म्हणाला, "साहेब, हा घ्या आपला साक्षीदार. आता मोठ्या कोर्टात काढा याले."

खुशालरावांनी आधी नत्थुजीकडे बघितलं, मग सहदेवकडे. नत्थुजीनं सगळं सांगितलं, गाडी चुकली, भाकर, पिठलं, खोपटात कोणत्या अंगाला झोपला ते. खुशालराव उभेच राहिले. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत, त्यांचा चेहरा उतरला.

"कुठे होता हा?"

"लिंबाखाली होता साहेब. दिवसभर."

"का नाही सांगितलंस रे?"

मग सहदेवनं पुस्तकाचं सांगितलं. अभिमानानं सांगितलं, एखादा हुशार विद्यार्थी मास्तरांना सांगतो तसं. खुनाचा खटला, माळ्यावरचा साक्षीदार, फितूर कारकून. खुशालराव ऐकत गेले आणि हळूहळू खाली बसले.

"सहदेव, तो खून होता," ते म्हणाले. "खुनाचा निकाल खालचं कोर्ट देतच नाही. ते वर पाठवतं, खरा खटला वर चालतो. तिथे काहीजण वरपर्यंत गप्प राहतात. हा हात मोडल्याचा खटला. हा इथेच चालायचा, इथेच संपायचा. आज जे झालं ना, तेच कोर्ट होतं. दुसरं नाही."

"अन् वरचं?"

"वर अपील. अपिलात कागद वाचतात. जो आज बोलला नाही तो कागदात नाही."

सहदेवच्या तोंडावरचा रंग उडताना मी बघितला. बोलला तो नत्थुजी. "मंग मले आज आत नेऊन बोलू द्या ना साहेब. कोर्ट आजून उघडं हाय." आणि तो खरोखर दाराकडे निघाला. खुशालरावांना त्याला खांद्याला धरून थांबवावं लागलं.

अपील केलं. खुशालरावांनी मनापासून केलं, हा नवा साक्षीदार ऐकावा म्हणून अर्जही दिला. तिथल्या साहेबांनी विचारलं, हा माणूस तेव्हा मिळत नव्हता का? खोटं सांगण्याची सोय नव्हती. नत्थुजी त्या दिवशी आवारात होता, हे त्यानं स्वतःच निष्पापपणे पोलिसांपासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मिळत असून आणला नाही, म्हणजे मागाहून उभा केला असणार, असा त्याचा अर्थ झाला. अपील गेलं. नागपूरच्या मोठ्या कोर्टात जावं म्हणून कोणी सुचवलं, खुशालरावांनी नुसता हात हलवला. नत्थुजी मात्र नंतर कितीतरी दिवस वाटेत भेटेल त्याला सांगत राहिला की पोरगं माह्या घरी होतं. ऐकणारे हो म्हणत आणि पुढे जात.

सहदेवनं पोथी बंद केली. पुढच्या चातुर्मासात वाडीतले लोक बोलावायला आले तर म्हणाला, घसा बसला. त्याचा घसा चांगला ठणठणीत होता. आत्या त्याला एका शब्दानं बोलली नाही. पाट आणायला आपणच सांगितलं होतं, हे ती विसरली नव्हती. संध्याकाळी दिवा लावून दोघं मायलेक समोरासमोर बसत आणि कोणी काही वाचत नसे. मनकर्णा म्हणायची, यापेक्षा भांडले असते तर बरं होतं.

गोवर्धनला अकोल्याच्या जेलात ठेवलं होतं. भेटीची परवानगी मिळाली की सहदेव माझ्याकडे उतरायचा. पहिल्या भेटींत तो काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही. एवढं मात्र त्यानंच मागाहून सांगितलं, की अपील गेल्याचं गोवर्धनला कळलं होतं, पण का गेलं ते नाही. नशीब, असं तो म्हणाला होता. आपलं चौदाव्या पुष्पाप्रमाणे सगळं नीट झालं आणि पुढे नशीब फिरलं, अशी त्याची समजूत होती, आणि ती मोडायचा धीर सहदेवला झाला नव्हता.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं जेलाकडे निघालो होतो. स्टेशनच्या रस्त्यावर एक जण पोतं अंथरून जुनी पुस्तकं विकत बसला होता. पंचांगं, भजनांची चोपडी, शाळेची बुकं. सहदेव थांबला. त्या ढिगात काळा झगा आणि उगारलेलं बोट मलाही दिसलं. त्यानं पुस्तक उचललं, धोतरानं पुसलं आणि वाचलं, "बॅरिस्टर जयवंत माला, पुष्प पंधरावे."

मी म्हटलं, "ठेव ते. वेळ होते भेटीची."

त्यानं पान उलटलं. आणि त्याला मनात वाचता येत नव्हतं. भर रस्त्यात, उन्हात, टांग्यांच्या आणि माणसांच्या गर्दीत उभा राहून तो पोथीच्या त्या खणखणीत आवाजात वाचू लागला. पहिल्या पानावर वरचं कोर्ट भरतं, माळ्यावरचा साक्षीदार उभा राहतो, केशव सुटतो. इतकं चटकन की मागच्या पुस्तकातला सगळा जीवघेणा ताण एका पानात निकाली. दुसऱ्या पानावर केशवची म्हातारी आई जयवंतला विचारते, खालच्या कोर्टात तुम्ही गप्प का बसलात, माझा प्राण जायची वेळ आली होती.

सहदेव वाचत होता. "'आई, खून होता म्हणून गप्प बसलो. त्याचा निकाल त्या कोर्टाच्या हातात नव्हताच. साधा मारामारीचा खटला असता तर पहिल्याच दिवशी तुमचा साक्षीदार उभा केला असता. तिथे जो गप्प बसतो तो बुडतो.' लेखकाची टीप: 'माझ्या नेहमीच्या वाचकांना हे मी पहिल्याच पुष्पात सांगितले आहे.'"

त्याचा आवाज तिथे थांबला नाही. अध्याय अर्धा सोडायचा नाही हा नेम त्याच्या हाडात होता. तो पुढे वाचत गेला. फितूर कारकून फितूर नव्हताच. नवव्या पुष्पात जयवंतनंच त्याला शत्रूकडे पेरला होता आणि तो खोट्या चिठ्ठ्या पोचवत होता. हे नववं पुष्प वाचलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. सहदेवला खुशालरावांच्या कोपऱ्यातला तो पेन्सिलीला टोक करणारा माणूस आठवला असेल. मला आठवला. पुस्तकवाला आमच्याकडे टकमका बघत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि राग इतका आला होता की कोणाला मारावं ते कळत नव्हतं. लिहिणाऱ्यानं काही चुकीचं लिहिलं नव्हतं. त्यानं ते आमच्यासाठी लिहिलं नव्हतं, एवढंच.

प्रकरण संपल्यावर सहदेवनं पुस्तक मिटलं, जागच्या जागी ठेवलं आणि चालू लागला.

जेलात भेट जाळीआडून होती. शिपाई बाजूला उभा. गोवर्धन वाळला होता, डोकं भादरलेलं, हात मात्र तसेच चलाख, जाळीच्या तारेवर सारखी बोटं फिरवत होता जशी दोऱ्यावर फिरवायचा. मोगऱ्याला कळ्या किती आल्या, मायचे गुडघे कसे आहेत, जानरावानं पाट बांधून घेतला का, असं सगळं त्यानं विचारून घेतलं. सहदेव उत्तरं देत होता. मग उत्तरं संपली.

"गोवर्धन," तो म्हणाला, "थे नशीब नोहतं. म्या चुकलो."

"काय चुकले?"

"म्या मधूनच वाचलं. पयले काय लिहून होतं ते मले मालूम नोहतं. पुढचं आज वाचलं. त्यात लिहून हाय का मारामारीच्या खटल्यात साक्षीदार पयल्याच दिवशी उभा करा. आपला नत्थुजी लिंबाखाली बसून होता. म्या त्याले आत आनलं असतं तं तू आज घरी असता."

एवढं सलग त्यानं बोलून टाकलं, वाचल्यासारखं. गोवर्धनची बोटं तारेवर थांबली. मी मनात म्हणत होतो, शिव्या दे त्याला, दे एकदाच्या, दोघंही सुटाल. शिपाई खाकरला, वेळ होत आली होती.

"पुढचं भेटलं म्हंता," गोवर्धन शेवटी म्हणाला. "मंग तो केशव सुटला काय?"

सहदेवनं मान डोलावली, हो.

"सुटला?"

"सुटला," मीच म्हणालो.

गोवर्धननं श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच बरं वाटल्याचं दिसलं.

"बरं झालं बाप्पा," तो म्हणाला. "त्याची माय लय म्हातारी होती."